लष्करी हस्तक्षेपानंतर टिकाऊ शांतता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परके सैन्य एखाद्या देशात उतरल्यावर तिथे कारभार पुन्हा कसा उभा करायचा, याविषयी नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सैन्य उतरवणे योग्य की अयोग्य, हा वाद इथे घेतलेला नाही. ते उतरले आहे असे धरून उत्तरे दिली आहेत. आमचे मत आधीच सांगून ठेवतो: बहुतेक मोहिमा कामांचा क्रम चुकल्यामुळे फसल्या. निवडणूक, इमारती, नव्या पलटणी ही डोळ्यांना दिसणारी कामे आधी झाली. पोलीस, न्यायालये, पगार, जमिनीचे कागद ही कामे मागे पडली, आणि लोकांचे रोजचे आयुष्य तर त्यांच्यावरच चालते.

राज्य कोलमडले आहे, असे नेमके कधी म्हणायचे?

तीन गोष्टी पाहाव्यात. सरकारी नोकराला पगार कोण देतो? रस्त्यावरून माल नेताना कर कोण वसूल करतो? दोन शेजाऱ्यांचे भांडण झाले तर निवाडा कोणाकडे मागतात? तिन्हींचे उत्तर ‘सरकार’ असे येत नसेल, तर झेंडा आणि राजदूत असूनही राज्य उरलेले नसते. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे पळून गेल्यानंतरचा सोमालिया असा होता.

इराकचे तसे नव्हते. २००३ मध्ये तिथे मंत्रालये, शिधावाटप, नोंदणी कार्यालये चालू होती. राज्य मोडले ते हस्तक्षेपानंतरच्या काही आठवड्यांत. हा फरक आधी ओळखावा लागतो, कारण जिथे यंत्रणा शिल्लक आहे तिथे पहिले काम ती वाचवण्याचे असते, नवी उभारण्याचे नाही.

जर्मनी आणि जपानमध्ये जमले, मग अफगाणिस्तानात का जमले नाही?

कारण त्या दोन देशांत पराभूत झाली ती राजवट, राज्य नव्हे. जपानमध्ये सम्राटाला गादीवर ठेवले आणि नोकरशाही बहुतांशी जागेवर राहिली, त्यामुळे आदेश खालपर्यंत पोचत होते. जर्मनीत नगरपालिका, पोस्ट, रेल्वे चालवणारी माणसे होती. निवडणुकाही खालून वर आल्या: अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात १९४६ मध्ये स्थानिक, आणि संघराज्याची थेट १९४९ मध्ये. शिवाय दोन्ही देशांनी शरणागती पत्करली होती आणि शेजारचा कोणी देश तिथल्या बंडखोरांना आसरा देत नव्हता. अफगाणिस्तानात २००१ साली यातले काहीच नव्हते.

किती सैन्य लागते?

दर हजार लोकांमागे २० सुरक्षा कर्मचारी, हा आकडा नियोजनात वारंवार येतो. कोसोव्होत सुमारे २० लाख लोकांसाठी नाटोच्या दलाचे जवळपास ५० हजार सैनिक होते, म्हणजे हजारी २५. इराकमध्ये सुमारे अडीच कोटी लोकांमागे दीड लाख, म्हणजे हजारी ६. अफगाणिस्तानात २००२ साली आंतरराष्ट्रीय सुरक्षा दल साधारण पाच हजारांचे आणि तेही फक्त काबूलपुरते. राजधानीबाहेर जायची परवानगी सुरक्षा परिषदेने दिली ती ऑक्टोबर २००३ मध्ये. मधल्या दोन वर्षांत प्रांतांचा ताबा शस्त्रधारी टोळ्यांच्या म्होरक्यांनी घेतला आणि तो शेवटपर्यंत पुरता सुटला नाही.

मात्र हा आकडा मंत्रासारखा वापरू नये. सिएरा लिओनमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना जास्तीत जास्त १७,५०० होती, म्हणजे हजारी चारच्या आसपास, आणि तरी काम झाले. तिथे आधी मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरले होते. कैलाहूनला अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांना सोडवायला जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करावे लागले. ब्रिटनने स्वतःची फौज उतरवली, शांतिसेना वाढवली गेली आणि बंडखोरांना कळून चुकले की आता मागे हटावे लागेल. त्यानंतर कमी संख्याही पुरली. करार सर्वांनी मनापासून मान्य केला असेल तर थोडे सैनिक पुरतात. नसेल तर हजारी वीसही अपुरे पडतात.

पहिल्या काही आठवड्यांत काय करायचे?

लाखदार ब्राहिमी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २००० मध्ये शांतिमोहिमांवरच्या अहवालात म्हटले की, युद्धविरामानंतरचे पहिले ६ ते १२ आठवडे सर्वांत निर्णायक असतात. या काळात लोक एकच गोष्ट पाहत असतात: नव्याने आलेल्यांचा शब्द चालतो का?

बगदाद ९ एप्रिल २००३ रोजी पडले. त्यानंतर झालेल्या लुटीत २३ पैकी १७ मंत्रालयांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या आणि राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. तेल मंत्रालयावर मात्र रणगाडे उभे होते. लोकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला.

म्हणून पहारा कुठे लावायचा याची यादी सैन्य उतरण्याआधी तयार हवी, आणि प्रत्येक ठिकाणासमोर तुकडीचे नाव हवे. आमच्या मते क्रम असा असावा: दारूगोळ्याची कोठारे, मध्यवर्ती बँक, वीज आणि पाण्याची केंद्रे, रुग्णालये, तुरुंग, आणि त्यांच्याच बरोबरीने जमीन नोंदणी, जन्मनोंदी आणि न्यायालयांची दप्तरे. शेवटची तीन नेहमी विसरली जातात. खातेवही जळाली की पुढे वीस वर्षे प्रत्येक घराचा वाद उभा राहतो.

दुसरे काम पगाराचे. शिक्षक, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे कामगार यांना पहिल्या महिन्यातच रोख रक्कम मिळाली पाहिजे, अर्धी असली तरी. जुना हजेरीपट सापडला तर तोच वापरावा. नावांची छाननी नंतर करता येते.

तिसरे काम कायदा कोणता लागू, हे सांगण्याचे. कोसोव्होत जुलै १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २४ मार्च १९९९ पूर्वीचा, म्हणजे बेलग्रेडच्या सर्बियन सरकारचा, कायदा लागू केला. तिथल्या अल्बेनियन न्यायाधीशांनी तो वापरायला नकार दिला. अखेर डिसेंबरमध्ये २२ मार्च १९८९ रोजीचा, म्हणजे कोसोव्होची स्वायत्तता काढून घेण्याआधीचा, कायदा लागू झाला. त्या पाच महिन्यांत पकडलेल्या माणसाला कोणत्या कलमाखाली कोठडीत ठेवायचे, हेच स्पष्ट नव्हते. अटक, कोठडी आणि जप्ती यांची तात्पुरती नियमावली स्थानिक भाषांत छापून नेली असती तर हा काळ वाया गेला नसता.

सैनिक असताना पोलीस वेगळे कशाला हवेत?

सैनिक चौक राखतो. चोरीचा तपास, पंचनामा, साक्षीदाराचे संरक्षण त्याला जमत नाही आणि अनेकदा त्याचा जनादेशही तसा नसतो. १९९६ च्या सुरुवातीला बोस्नियाची राजधानी सारायेव्होची उपनगरे एका बाजूकडून दुसरीकडे सोपवली जात असताना घरे पेटवली जात होती. ६० हजारांचे नाटो दल देशात असूनही हे आपले काम नाही म्हणून बाजूला राहिले.

यासाठी मधला स्तर लागतो: दंगल हाताळणाऱ्या, एकत्र प्रशिक्षण घेतलेल्या, साधारण १२० ते १४० जणांच्या सशस्त्र पोलीस तुकड्या. लायबेरियात २००७ पासून भारताची संपूर्ण महिलांची अशी तुकडी होती, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिलीच.

सोलोमन बेटांवर जुलै २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने गेलेल्या मोहिमेत नेतृत्वच पोलिसांकडे होते, सैन्य पाठीशी होते. तिथे सरकारनेच बोलावले होते आणि संसदेने त्यासाठी कायदा केला होता. सुमारे ३,७०० बंदुका गोळा झाल्या आणि त्यातल्या अनेक लोकांसमोर नष्ट केल्या गेल्या, म्हणजे त्या पुन्हा कोणाच्या हाती जातील ही शंका उरली नाही.

नवे स्थानिक पोलीस घडवायला घाई चालत नाही. अफगाणिस्तानात संख्या वाढवण्याच्या दबावाखाली पोलिसांचे मूलभूत प्रशिक्षण आठ आठवड्यांवरून सहावर आणले, तेही बहुसंख्य भरती निरक्षर असताना. असा पोलीस तक्रार लिहून घेऊ शकत नाही. तो नाक्यावर उभा राहतो आणि पगार उशिरा आला की तिथेच पैसे घेऊ लागतो.

जुने सैन्य बरखास्त करावे का?

बरखास्त करायचेच असेल तर पैसे आणि पर्याय हातात ठेवूनच. इराकमध्ये १६ मे २००३ रोजी सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या सदस्यांना सरकारी नोकरीतून काढणारा आदेश निघाला आणि २३ मे रोजी सैन्य विसर्जित करणारा. लाखो प्रशिक्षित माणसे शस्त्रांसकट, पगाराविना घरी गेली. निदर्शने झाल्यावर महिन्याभराने मानधन जाहीर झाले. तोवर अपमान पक्का झाला होता. हैतीत १९९५ मध्ये सैन्य मोडले आणि २००४ च्या बंडात त्यातलेच माजी सैनिक बंदुका घेऊन उतरले.

लायबेरियाने दुसरा मार्ग घेतला. जुने सैन्य पूर्ण मोडले, पण रक्कम देऊन. नवे सैन्य सुमारे दोन हजारांचेच ठेवले, म्हणजे देशाला परवडेल एवढे. प्रत्येक उमेदवाराची चारित्र्यपडताळणी झाली. त्यांची छायाचित्रे जाहीर करून, कोणी अत्याचार केला असल्यास कळवा, असे लोकांना विचारले. हे काम संथ आणि महागडे असते, तरी टाळू नये.

शस्त्रे गोळा करण्याचा कार्यक्रम कसा चालतो, आणि कुठे फसतो?

कागदावर तीन टप्पे असतात: शस्त्र जमा करणे, टोळी मोडून माणसाला मोकळे करणे, आणि त्याला रोजगारात बसवणे. प्रत्यक्षात तंबू उभारल्यापासून काम सुरू होते. नोंदणीची खिडकी, शस्त्र तपासणारा जाणकार, वैद्यकीय तपासणी, मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी राहण्याची सोय, ओळखपत्र आणि घरापर्यंतचे वाहन, एवढे सगळे पहिल्या दिवशी तयार हवे.

लायबेरियात ७ डिसेंबर २००३ रोजी मन्रोव्हियाजवळच्या छावणीत काम सुरू केले. १५ हजारांपैकी जेमतेम एक तृतीयांश शांतिसैनिक तेव्हा पोचले होते. तयारी सुमारे हजार जणांची होती, हजारो आले. पैसे लगेच हवेत म्हणून दंगल झाली, माणसे मेली आणि कार्यक्रम एप्रिल २००४ पर्यंत थांबवावा लागला. पुढे दुसरी अडचण आली. बंदूक नसली तरी १५० काडतुसे आणली की ३०० डॉलरसाठी पात्र ठरता येत होते. आधी ३८ हजारांचा अंदाज होता, नोंद एक लाखाहून अधिक जणांची झाली, शस्त्रे मात्र सुमारे २८ हजारच. म्होरके स्वतःच्या माणसांच्या हातात काडतुसे देऊन रांगेत उभे करत आणि रकमेत वाटा घेत.

यातून घ्यायचे ते असे: पात्रतेचा निकष शस्त्राच्या प्रकारावर आणि तोंडी चौकशीवर ठेवावा (कोणत्या तुकडीत, कोणाच्या हाताखाली, शस्त्र खोलून जोडता येते का). रक्कम म्होरक्यामार्फत कधीही देऊ नये. पहिला हप्ता छावणीत आणि पुढचा माणूस गावी पोचल्यावर तिथेच द्यावा. मोझांबिकमध्ये सुमारे ८० हजार सैनिकांना दोन वर्षे ठरावीक रक्कम त्यांच्या जिल्ह्यातल्या बँकेतून मिळत राहिली. रक्कम मोठी नव्हती, पण ती घ्यायला माणसाला त्याच जिल्ह्यात राहावे लागे, आणि तेवढ्या काळात शेत लागवडीला येते.

लिबियात उलटे झाले. २०११ नंतर टोळ्या न मोडता त्यांनाच सरकारी पगार सुरू केला. लढलेल्यांपेक्षा कितीतरी पट अधिक नावे यादीत चढली, आणि २०१४ मध्ये त्याच टोळ्या एकमेकांशी लढत होत्या.

निवडणूक लवकर घेतली तर सरकारला मान्यता मिळत नाही का?

मिळते, पण हरणाऱ्याच्या हातात सैन्य असेल तर ती टिकत नाही. अंगोलात सप्टेंबर १९९२ मध्ये दोन्ही सैन्ये शाबूत असताना मतदान झाले. बंडखोरांचे नेते साविंबी मागे पडले आणि पुन्हा जंगलात गेले. युद्ध २००२ पर्यंत चालले. हे पाहून मोझांबिकमधल्या मोहिमेने १९९३ ची निवडणूक वर्षभर पुढे ढकलली, आधी सैनिक मोकळे केले आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये मतदान घेतले. तिथे निकाल मानला गेला.

वेळेइतकीच पद्धतही महत्त्वाची. जानेवारी २००५ मध्ये इराकमध्ये सगळा देश एकच मतदारसंघ धरला. सुन्नी भागांत बहिष्कार आणि हिंसाचार होता, त्यामुळे राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत त्या भागांचे प्रतिनिधी नगण्य राहिले. जिल्हावार जागा असत्या तर कमी मतदानातही त्या भागाची माणसे आत आली असती. बोस्नियात युद्ध संपल्यावर नऊ-दहा महिन्यांतच, सप्टेंबर १९९६ मध्ये मतदान घेतले आणि युद्ध चालवणारेच राष्ट्रवादी पक्ष निवडून आले, कारण त्यांच्याखेरीज कोणाकडे संघटना नव्हती.

साधारण क्रम: सुरक्षा, पक्षांना फिरण्याची मोकळीक, मतदारयादी, स्थानिक निवडणूक, मग राष्ट्रीय. यात दोन वर्षे सहज जातात.

वाटाघाटीत कोणाला बसवायचे?

ज्याच्याकडे लढाई पुन्हा सुरू करण्याची ताकद आहे त्याला वगळू नये, आणि फक्त त्यालाच बसवू नये. अफगाणिस्तानचे अंतरिम सरकार ठरवणाऱ्या ५ डिसेंबर २००१ च्या बॉन करारात तालिबान नव्हते. तेव्हा ते दुबळे होते, म्हणजे बोलणी स्वस्तात झाली असती. २०२० मध्ये दोह्यात अमेरिकेने त्यांच्याशी करार केला तेव्हा ते बळकट होते आणि अफगाण सरकारच खोलीबाहेर होते. उलट टोक लोमेचे: जुलै १९९९ च्या करारात सिएरा लिओनमधल्या बंडखोरांचा नेता फोदे सांको याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिज आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. हिऱ्यांसाठी लढणाऱ्याच्या हातात हिरेच दिले. वर्ष उलटायच्या आत युद्ध परतले.

सोमालियापासून वेगळे झालेल्या सोमालीलँडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९९३ मध्ये बोरामा गावात कुळांच्या ज्येष्ठांनी अनेक महिने बैठक चालवली, खर्च बहुतांशी स्थानिक लोकांनीच उचलला, आणि रस्त्यावरचे नाके उठवण्यापासून नेता निवडण्यापर्यंत सगळे ठरवले. ज्येष्ठांचे सभागृह तिथे आजही आहे.

मदतीचा पैसा कोणत्या मार्गाने द्यावा?

जमेल तितका सरकारी खजिन्यातून, पण दुसऱ्या सहीसह. परस्पर स्वयंसेवी संस्था आणि कंत्राटदारांना दिला की काम होते, सरकार शिकत नाही. अफगाणिस्तानात पुनर्बांधणीवर अमेरिकेने सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले. शेवटी सरकारी खर्चाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीवर होता. म्हणजे उभी केलेली यंत्रणा तिथल्या महसुलाच्या चौपट आकाराची होती. २००२ मध्ये कामे देशवार वाटली होती: पोलीस जर्मनीकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे, सैन्य अमेरिकेकडे, अमली पदार्थ ब्रिटनकडे. पोलिसाने पकडलेला माणूस ज्या न्यायालयात जाणार, त्याची जबाबदारी दुसऱ्याच देशाची. हा सांधा कधी जुळला नाही.

चाललेल्या गोष्टीही आहेत. त्याच देशात २००३ पासून निवडून आलेल्या ग्रामसमित्यांना कुटुंबामागे २०० डॉलर, गावाला कमाल ६० हजार, असा निधी मिळे आणि विहीर, रस्ता की वीज हे गाव ठरवे. लायबेरियात २००५ पासून बंदर, विमानतळ, तेल कंपनी अशा कमाईच्या ठिकाणी परदेशी तज्ज्ञ बसवले. त्यांच्या सहीशिवाय पैसा निघत नसे. सार्वभौमत्वाला हे बोचते, म्हणून मुदत आधीच लिहून ठेवावी.

करवसुली सीमेवरून सुरू करावी. नाकी थोडी असतात, हिशेब सोपा असतो. त्याच वेळी पगार थेट बँक खात्यात किंवा मोबाइलवर द्यावा. इराकमध्ये २०१४ च्या अखेरीस चार डिव्हिजनमध्ये ५० हजार फक्त कागदावरचे सैनिक सापडले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटपुढे काही दिवसांत पडले होते.

जमीन आणि घरांचा प्रश्न नंतर सोडवला तर?

तो चिघळतो. बोस्नियात दोन लाखांवर घरांचे दावे होते. १९९९ पासून नियम साधा ठेवला: युद्धापूर्वीचा कब्जेदार कोण, एवढेच पाहायचे, सध्याच्या रहिवाशाची गरज हा स्वतंत्र विषय. अडवणूक करणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना उच्च प्रतिनिधींनी (शांतता करारावर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय अधिकारी) एकाच वेळी काढले. काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक दावे निकाली निघाले.

त्याच देशातले आणखी एक छोटे काम: १९९८ मध्ये गाड्यांच्या नव्या पाट्या आल्या, लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरे वापरून. गाडी कोणत्या भागातली हे पाटीवरून कळेनासे झाले आणि लोक सीमारेषा ओलांडून ये-जा करू लागले. खर्च अगदी थोडा, परिणाम मोठा.

अत्याचार करणाऱ्यांना शिक्षा की माफी?

वरच्यांना खटला, खालच्यांना गावासमोर कबुली आणि भरपाई. सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने फक्त १३ जणांवर आरोप ठेवले. बंडखोरांना मदत करणारे लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. पूर्व तिमोरमध्ये जाळपोळ, लूट अशा गुन्ह्यांसाठी तेराशेहून अधिक लोकांनी गावच्या बैठकीत कबुली दिली आणि ठरलेले काम किंवा भरपाई पूर्ण केली.

परकी मोहीम स्वतःच त्रासदायक ठरते ती कशी?

घरभाडी वाढतात, आणि न्यायाधीश, डॉक्टर, शिक्षक दुभाषे किंवा चालक म्हणून मोहिमेत जातात, कारण तिथला पगार सरकारीपेक्षा कितीतरी जास्त असतो. उपाय म्हणजे स्थानिक नोकरांच्या पगारावर सर्व संस्थांनी मिळून मर्यादा घालणे. लैंगिक शोषणाच्या तक्रारी घेणारी व्यवस्था मोहिमेबाहेरची असावी. हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये शांतिसैनिकांच्या छावणीतल्या सांडपाण्यातून कॉलरा पसरला. दहा हजारांच्या आसपास माणसे मेली आणि संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. सांडपाण्याची नीट व्यवस्था केली असती तर ही माणसे वाचली असती.

निघायचे कधी?

तारखेवर नव्हे, कसोट्यांवर. पूर्व तिमोर मे २००२ मध्ये स्वतंत्र झाला आणि मोहीम भराभर आटोपती घेतली. २००६ मध्ये सुमारे ६०० सैनिकांना काढल्यावरून सैन्य आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, दीड लाख लोक घरे सोडून पळाले आणि मोहिमेला परत यावे लागले.

कसोट्या अशा: पगार सलग दोन वर्षे देशाच्या महसुलातून निघाले का? स्थानिक पोलिसांनी एक निवडणूक स्वतः हाताळली का? सैन्याची वाहने आणि विमाने दुरुस्त करणारे देशातलेच आहेत का? अफगाण हवाई दलाची देखभाल परदेशी कंत्राटदार करत. २०२१ मध्ये ते निघाले आणि विमाने जमिनीला खिळू लागली. लायबेरियात सुरक्षेची जबाबदारी ३० जून २०१६ रोजी सोपवली, पण मोहीम ३० मार्च २०१८ पर्यंत थांबली. मधल्या काळात निवडणूक झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्ता शांततेत बदलली. जबाबदारी सोपवणे आणि निघणे यांत असे दीड-दोन वर्षांचे अंतर ठेवावे.

काम नीट चालले आहे का, हे बाहेरून कसे ओळखावे?

बांधलेल्या शाळा आणि प्रशिक्षित पोलीस मोजू नयेत. त्यापेक्षा हे विचारावे: बंदरापासून राजधानीपर्यंत मालमोटारीला किती नाक्यांवर पैसे द्यावे लागतात? बाजार संध्याकाळी किती वाजता बंद होतो? जिल्ह्यातला न्यायाधीश रात्री जिल्ह्यातच झोपतो की राजधानीत? परागंदा झालेली कुटुंबे परत येऊन छप्पर दुरुस्त करतात की फक्त पीक काढून परत जातात? हीच माहिती दर तीन महिन्यांनी त्याच गावांतून, त्याच प्रश्नांनी गोळा करावी आणि आकडे बिघडले तर मुख्यालयाला कळवण्याआधी त्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला आणि ज्येष्ठांना दाखवावेत. कारण बहुधा त्यांना ठाऊक असते.